बिरोबाच्या कौलाला लागलेल्या मुंग्या

आमचं गाव जागचं कधी हललं नाही, पण सरकारनं त्याला एका जागी बसूही दिलं नाही. मी लहान होतो तेव्हा आम्ही औंध संस्थानात होतो. मग संस्थान गेलं आणि आम्ही दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलो. पुढं एक दिवस तलाठी म्हणाला, आता तुम्ही सांगली जिल्ह्यात. त्याच साली आम्हांला मुंबई राज्यातून उचलून महाराष्ट्र राज्यात ठेवलं. एवढा प्रवास झाला, पण कुणी गाठोडं बांधलं नाही की कुणी कुणाला विचारलं नाही. गावच्या ओढ्याला आधीही पाणी नव्हतं, नंतरही आलं नाही.

म्हणून हरिबा धनगरानं बायकापोरं घेऊन केरळात जावं की नाही, यावर गावानं जो गोंधळ घातला त्याचं मला हसू येतं. मी गावचा शिंपी. माझं मशीन बिरोबाच्या देवळासमोरच्या ओट्यावर असतं. हात कापडात गुंतले तरी कान मोकळेच असतात. त्यामुळं यातलं बरंचसं माझ्यादेखत घडलं, आणि जे माझ्यादेखत घडलं नाही ते सांगायला लोक आपण होऊन ओट्यावर आले.

सुरुवात अर्जुनापासून झाली. अर्जुना हा हरिबाच्या बायकोचा, येसूबाईचा, धाकटा भाऊ. आमच्या आटपाडी-विट्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हे त्यांचं काम. अर्जुना अशाच एका दुकानात भाता मारायला म्हणून केरळात त्रिचूरला गेला होता. आता तिथं त्याचं स्वतःचं दुकान झालं होतं. गेला तेव्हा अंगात धड बंडी नव्हती. त्या साली दसऱ्याला आला तो टेरिलीनचा शर्ट घालून आणि मनगटावर घड्याळ बांधून. मी त्याच्या शर्टाची शिवण उलटून बघितली. शिवण चांगली होती, त्यामुळं तो मला जरा आगाऊच वाटला.

पण त्याचं बोलणं सरळ होतं. त्यानं शेजारच्या गल्लीत दुसरी भट्टी घेतली होती आणि तिथं बसायला घरचं माणूस पाहिजे होतं, कारण सोनं परक्याच्या हातात देऊन झोप येत नाही. दाजी आणि अक्का पोरींसकट आले तर दुकानामागं कौलारू खोली होती, विहीर होती आणि रस्ता ओलांडला की बायकांचा दवाखाना होता. सुट्टी संपत आली होती. रविवारी संध्याकाळच्या मिरजेच्या गाडीनं तो निघणार होता. यायचं तर तेव्हाच.

हरिबानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"तितं मेंढरं हायती?"

"न्हाईत, दाजी."

"मग मानसं सकाळी उठून करत्यात काय?"

अर्जुनानं मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली.

आता गंमत बघा. हा हरिबा काही घरकोंबडा नव्हे. दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि त्याचे भाऊबंद मेंढरं घेऊन मावळतीकडं निघतात. कराड, इस्लामपूर, पाटण करत जातात, कोयनेचं पाणी तुंबायच्या आधी तर त्या खोऱ्यापर्यंत जात. सगळा संसार घोड्यावर. वर कोंबड्यांची डालगी, त्यावर तान्ही पोरं. मिरगाच्या तोंडाला परत. सात-आठ महिने रोज नवा मुक्काम. आणि हा मुक्काम ठरतो कसा, तर पहाटे बाप्ये मेंढरं घेऊन रानोमाळ जातात आणि बायका मागं राहून बिऱ्हाड घोड्यावर लादतात. मग त्या सडकेनं पुढं जातात, पाणी बघतात, शेतवाल्याशी बोलतात आणि कुठंतरी तीन दगड मांडून चूल पेटवतात. बाप्या दिवस बुडायला टेकाडावर चढतो, धूर कुठं दिसतो ते बघतो आणि तिकडं चालू लागतो. चूल इथं का मांडलीस म्हणून कुणी बायकोला विचारत नाही. भाकरी गरम असली की मुक्काम बरोबर.

असा जन्मभर धुराच्या मागं गेलेला माणूस या वेळी गावभर सल्ला विचारत फिरला.

पहिल्यांदा तो सरपंचांकडं गेला. आमचे सरपंच आण्णा. ग्रामपंचायतीचं राज्य नवं होतं आणि आण्णाही खुर्चीला नवे होते. थोडक्या मतांनी निवडून आल्यामुळं वस्तीवरचं एकेक घर त्यांना तोंडपाठ होतं. हरिबाच्या भावकीतलं एक बिऱ्हाड हललं की मागोमाग आणखी चार हलणार, हे त्यांनी लगेच ताडलं. त्यांनी हरिबाला खुर्ची दिली. हरिबा जमिनीवरच बसला. मग आण्णांनी भाषण केलं. मराठी माणसानं एवढं लढून स्वतःचं राज्य मिळवलं, पोरांनी गोळ्या खाल्ल्या, आणि राज्य येऊन चार वर्षं झाली नाहीत तोवर तू परराज्यात निघालास. हरिबा खाली मान घालून म्हणाला, राज्य आलं तेव्हा मी उंब्रजच्या रानात होतो, खतासाठी शेतात मेंढरं बसवलेली होती, कळायला उशीर झाला.

आण्णांचा थोरला मुलगा बडोद्याला गिरणीत होता. कुणीतरी त्याची आठवण काढली. आण्णांनी शांतपणे समजावलं की मुलगा गेला तेव्हा बडोदं आपल्याच मुंबई राज्यात होतं. मुलगा जागचा हलला नाही, राज्यच मागं सरकलं. मी काजं करत बसलो.

दुसरे लालासाहेब. गावातले मोठे बागायतदार. हरिबाचा माळाचा तुकडा त्यांच्या विहिरीला लागून होता. लालासाहेब म्हणाले, गड्या, जा. माणसानं दुनिया बघावी. आम्ही अडकलो, तू तरी मोकळा हो. जमिनीची काळजी करू नकोस, ती मी आपली समजूनच बघीन. यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं.

तिसरा गुंडा, हरिबाचा चुलतभाऊ. हरिबा गेला तर त्याची मेंढरं गुंडाकडं जाणार होती. गुंडा त्याच्या गळ्यात पडून इतका रडला की बघणाऱ्याला वाटावं याला आता हंबरडा आवरणार नाही. रडता रडता तो म्हणाला, तू जा दादा, माझ्याकडं बघू नको. आणि त्याच दमात त्यानं काळ्या एडक्याला अजून खोकला येतो का ते विचारून घेतलं.

मग सगळे शाळेत गेले. मास्तर शिकलेले होते. त्यांनी कपाटातून हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि भिंतीला लावला. नकाशा जुना, संस्थानांच्या काळातला. खालचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. मास्तरांनी काठी फिरवली, म्हैसूर दाखवलं, मद्रास दाखवलं, त्याखाली काठी भिंतीच्या चुन्यावर गेली. बराच वेळ शोधून मास्तर म्हणाले, केरळ नावाचं राज्य यात नाही. मी चुन्यावरच्या त्या जागेकडं बघितलं. हरिबाही तिकडंच बघत होता, चेहरा चिंताग्रस्त.

एवढे दिवस येसूबाई काय करत होती? ती घर सारवत होती, पाणी आणत होती, पोरींच्या वेण्या घालत होती. आणि तिला दिवस गेलेले होते. सगळ्या गावाला ते दिसत होतं, पण ते बायकांकडचं काम म्हणून चर्चेत आलं नाही.

शनिवारी ती माझ्या ओट्यावर दोन पोती घेऊन आली. तोंडाला जाड शिवण घालून वर पकडायला बंद लावून दे म्हणाली. मी सुई बदलत होतो. माझं तोंड सुईकडं होतं म्हणूनच ती बोलली असावी.

"शिंपीदादा, दोन्ही पोरी वाटंवर झाल्या माज्या. एक कराडाजवळ, एक घाटाच्या तोंडाला. मागल्या खेपंला पोरगा झाला, इस्लामपूरच्या अंगाला. थंडी लय व्हती. रातीतच गेला. बांदाला पुरला, वर दगुड ठेवला आन् सकाळी घोडं लादलं."

मी दोरा ओवला नाही.

"औंदा माघारी येताना बघितलं तर बांद मोडलेला. समदीकडं ऊस. कुटल्या सरीत हाय माजं लेकरू, त्ये बी घावंना. ह्यो आता माघात यील. म्हंजी पुन्यांदा त्याच रानात." मग पोत्यावर हात फिरवत ती म्हणाली, "एक तरी लेकरू छपराखाली व्हऊ द्या म्हनते मी. दुसरं काय न्हाई मागत."

हे हरिबाला सांगितलंस का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ती उठली. जाताना म्हणाली, त्यास्नी सांगून उपेग न्हाई, त्ये अजून इचारत्यात. मी त्या पोत्यांना दुहेरी शिवण घातली. शिंप्याला दुसरं काय करता येतं.

आणि हरिबा खरंच अजून विचारत होता. माणसं संपली तेव्हा त्यानं देवाला विचारायचं ठरवलं. रविवारी सकाळी बिरोबाला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडं कौल लावतात तो असा: देवाच्या दगडी मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला कन्हेरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि हात जोडून बसायचं. कुठली कळी आधी पडते त्यावर देवाचं म्हणणं कळतं. पाण्यानं लावलेली कळी वाळली की गळतेच, फार वेळ लागत नाही.

पण प्रश्न कसा घालायचा यावरच निम्मी सकाळ गेली. हरिबानं गाव सोडू नये ना, असं देवाला विचारावं असं आण्णांचं म्हणणं. हरिबानं गाव सोडावं ना, असं लालासाहेबांचं. देव होकाराला उदार आहे हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी तडजोड झाली. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं.

तडजोड झाल्यावर सगळे जरा पांगले. तेवढ्यात आण्णा एकटेच देवळामागं गेले आणि पुजाऱ्याला भेटून आले. ते आल्यावर लालासाहेब एकटेच गेले आणि आले. पुजारी ज्योतिबा हा भला माणूस, कुणाला नाही म्हणत नाही. आण्णांनी त्याला गुळाचा खडा दिला होता, उजवी कळी पाण्याऐवजी गुळानं चिकटव म्हणून. लालासाहेबांनीही गुळाचाच खडा दिला होता, डाव्या कळीसाठी. ज्योतिबानं दोन्ही घेतले. देवाच्या दारात दुजाभाव करणं त्याला बरं वाटलं नाही.

कळ्या लागल्या. ढोल वाजला. हरिबानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून विचारलं, देवा, मी जाऊ का ऱ्हाऊ? सगळा देऊळभर माणूस मूर्तीकडं बघत बसला. कळ्या हलेनात. ऊन उंबऱ्यावर आलं, मग आत आलं. कळ्या वाळून सुरकुतल्या तरी जिथल्या तिथं. ज्योतिबा म्हणाला, देव इचार करतोय. आण्णा म्हणाले, प्रश्नच अवघड आहे. लालासाहेब म्हणाले, आपण थांबू, घाई नाही.

मग मुंग्या आल्या. पहिल्यांदा एक-दोन, मग उंबऱ्यापासून देवाच्या खांद्यापर्यंत काळी ओळ. खांद्यावर जाऊन ओळीला दोन फाटे फुटले, एक उजवीकडं, एक डावीकडं. लोक पुढं सरकले. मुंग्या कुठल्या बाजूला जास्त आहेत यावर तंटा सुरू झाला. कुणी म्हणालं, मुंग्या देवाच्याच आहेत, त्यांचंही मत धरलं पाहिजे. फक्त आण्णा लालासाहेबांकडं बघत होते आणि लालासाहेब आण्णांकडं. दोघांनाही सगळं कळलं होतं आणि दोघांनाही बोलायची सोय नव्हती.

अशा वेळी बनाबाई देवळाच्या पायरीशी आली. ही हरिबाची शेजारीण. ती आत आली नाही, पायरीवरूनच म्हणाली, "हरिबा, येसूनं बिऱ्हाड हलवलं. घोडं लादून पोरीस्नी घिऊन गेली. सांजच्याला धूर बघून या म्हनाली."

ढोल थांबला. हरिबानं डोळे उघडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची चिंता गेलेली मला दिसली. त्यानं मूर्तीकडं बघून हात जोडले, मुंडासं बांधलं, कोपऱ्यातली काठी आणि घोंगडं उचललं आणि तो देवळाबाहेर पडला. आण्णा म्हणाले, अरे, कौल अजून झाला नाही. हरिबा न वळता म्हणाला, "बिऱ्हाड फुडं गेलंय, आण्णा. मला मागं बसून कसं चालंल?"

आण्णांनी मग मला गाठलं. शिंपीदादा, तुमचं तो ऐकेल, जा आणि त्याला माघारी आणा. मशीनवर काम पडलं होतं, तरी मी निघालो. माघारी आणायला नव्हे. मला ती पोती गाडीत नीट चढतात की नाही ते बघायचं होतं.

वाटेत माळावर गुंडा मेंढरं चारत होता. हरिबा सडक सोडून तिकडं वळला. कळप त्याला बघून ओरडला. त्यानं एका म्हाताऱ्या मेंढीच्या कानामागं खाजवलं, काळ्या एडक्याचा जबडा उघडून बघितला, गुंडाला पाला कसला घालायचा ते सांगितलं. आणि मग तो काठीवर हनुवटी टेकून रडला. आवाज न करता, बराच वेळ. गळ्यात पडून रडणारा गुंडा या वेळी नुसता उभा राहिला. मी दुसरीकडं बघितलं.

पुढं टेकाडावर चढून हरिबा थांबला. डोळ्यांवर हात धरून त्यानं खाली बघितलं. एस.टी.च्या फाट्यावर लिंबाखाली धूर निघत होता.

फाट्यावर तीन दगडांच्या चुलीवर येसूबाई भाकरी भाजत होती. पोरी पोत्यांवर बसल्या होत्या. कुत्रं घोड्याच्या पायाशी. अर्जुना टेरिलीनच्या शर्टात धुरानं डोळे पुसत येरझाऱ्या घालत होता. मला बघताच त्यानं गाऱ्हाणं मांडलं. आलोच आहोत तर दुपारच्याच गाडीनं जाऊ म्हटलं, ती येऊन गेली, अक्का चढली नाही, माणूस आल्याशिवाय चूल इझवत न्हाई म्हणाली. कंडक्टरनं शिव्या दिल्या. आणि एस.टी.च्या फाट्यावर कुणी चूल पेटवतं का?

हरिबा चुलीसमोर उकिडवा बसला. येसूबाईनं त्याच्या हातावर भाकरी आणि चटणी ठेवली. त्यानं घास तोडला. गरम होती. तो खात राहिला आणि ती दुसरी भाकरी थापत राहिली. दुपारपासून ती त्या टेकाडाकडंच बघत बसली असणार. तो आला नसता तर तिनं काय केलं असतं, हे मी तिला विचारलं नाही, आणि तिलाही ते माहीत नसावं.

शेवटचा घास झाल्यावर हरिबानं, जे त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"हितनं फुडं मुक्काम कुटं?"

"तिरचूरला."

"लय लांब हाय गं."

"चालायचं न्हाई," ती म्हणाली, "बसून जायाचं हाय. आन् तितं गेल्यावर उटायचं न्हाई."

हरिबानं तिच्या पोटाकडं बघितलं. मग इस्लामपूर ज्या दिशेला आहे तिकडं, मावळतीकडं बघितलं. "त्ये एकलं ऱ्हाईल मागं," तो म्हणाला. येसूबाईचं थापणं थांबलं. ही गोष्ट त्याच्याही मनात आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, असं मला वाटतं. तिनं पदर तोंडाला लावला. तो उठला, तांब्यातलं पाणी त्यानं स्वतः चुलीवर ओतलं.

गाडी आली. कोंबड्या न्यायच्या नाहीत यावर अर्जुना ठाम होता, त्यामुळं डालगं घोड्यावरच राहिलं. पोती टपावर चढली. बंद तुटले नाहीत. घोडं आणि कुत्रं घेऊन मी माघारी निघालो. कुत्रं सारखं मागं वळून बघत होतं, त्याला ओढत आणावं लागलं.

परत आलो तेव्हा देवळात दिवा लागला होता आणि पंच अजून बसलेलेच होते. मुंग्यांनी गूळ संपवल्यावर दोन्ही कळ्या बरोबरच खाली आल्या होत्या. देवानं हरिबाला जायलाही सांगितलं आहे आणि राहायलाही, तरी पंचायतीच्या शिफारशीनं त्याला जायची परवानगी द्यावी, असा ठराव आण्णांनी मांडला होता आणि लालासाहेबांनी अनुमोदन दिलं होतं.

मला बघून सगळे सरसावले. आण्णांनी विचारलं, हरिबा काय म्हणाला? मी सांगितलं. लालासाहेबांनी विचारलं, जमिनीचं काही बोलला का? मास्तरांनी विचारलं, गाडीच्या पाटीवर मिरज होतं की त्रिचूर? ज्योतिबानं कोंबड्यांची चौकशी केली.

येसूबाई काय म्हणाली, ते कुणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही; घोडं बनाबाईच्या दारात बांधलं आणि घरी जाऊन जेवलो.